शून्याचे पेढे

ऑफिसची झाडलोट करणारी बायडाबाई रोज सकाळी बोर्ड पुसायला लागली की घंटा वाजायची. फडकं खालून वर नेताना तिचं कोपर घंटेला लागायचं आणि आत काचेच्या केबिनमध्ये बसलेला प्रसेनजीत खुर्चीतून अर्धा उठायचा. मग त्याच्या लक्षात यायचं, बाहेर अजून कुणी आलेलंच नाही, ही बायडाबाई आहे. तो परत बसायचा. बायडाबाईला याचा पत्ता नव्हता. असता तर साहेबांना आवाजाचा त्रास होतो असं समजून तिनं ती घंटा काढून कधीच माळ्यावर टाकली असती, म्हणून तोही काही बोलायचा नाही. दिवसातून एकदा का होईना, वाजते तरी.

खरं तर इतक्या सकाळी ऑफिसात येऊन बसायचं त्याला काही कारण नव्हतं. त्या एका आवाजासाठी आपण येतो, हे त्यानं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. आपण सांगून टाकायला हरकत नाही. कुणीतरी माणसानं, मुद्दाम, गरज पडली म्हणून ती घंटा वाजवावी, एवढीच त्याची इच्छा होती. आणि कित्येक महिने ती कुणी वाजवली नव्हती.

ऑफिस कोल्हापुरात, राजारामपुरीत, एका बेकरीच्या वर. दुपारी खारी भट्टीतून निघाली की वास थेट वर यायचा आणि कुणाचंच कामात लक्ष लागायचं नाही. काम गावोगावच्या दूध संस्थांचं. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, सकाळचं किती, सांजचं किती, ते संस्थेतल्या मशीनवरून आपोआप कॉम्प्युटरात जावं यासाठीचं सॉफ्टवेअर ही मंडळी तयार करायची.

सुरुवातीला एका टेबलाभोवती चौघंच होते. प्रसेनजीत, संग्राम, संयोगिता आणि त्यांचे तेव्हाचे प्रमुख उदयसिंह. हा उदयसिंह मोठा हिकमती माणूस. कामाची पद्धत त्यानंच घालून दिली. कामाचे लहान लहान तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका कार्डावर लिहायचा आणि भिंतीवरच्या बोर्डावर 'करायचं', 'चालू', 'झालं' असं पुढं सरकवत न्यायचं. रोज सकाळी बोर्डासमोर उभं राहून तीनच गोष्टी सांगायच्या, काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. बसायला मिळालं की माणूस पाल्हाळ लावतो, म्हणून उभं राहायचं. संग्राम तिला उभी मीटिंग म्हणायचा.

एकदा उदयसिंहानं सांगितलं, की मोटारींच्या एका कारखान्यात म्हणे प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर दोरी असते. काही चुकतंय असं दिसलं की त्यानं ती ओढायची. सगळं काम थांबतं आणि सगळे धावून येतात. आणि ओढली म्हणून त्याला कुणी बोलत नाही, उलट शाबासकी देतात.

संग्राम शाहूवाडीतल्या मलकापूरच्या बाजूचा, घरी दुभती जनावरं. तो म्हणाला, "दोरी कशाला? आमच्या म्हशीची घंटा हाय की." म्हैस म्हातारी होऊन गेली होती, घंटा गोठ्यात खुंटीला लटकत होती. पुढच्या सोमवारी ती पितळी घंटा बोर्डाशेजारी आली. नियम ठरले. कपातला चहा गार होईस्तोवर एखादी गोष्ट सुटली नाही तर उठायचं आणि वाजवायची. वाजली की सगळ्यांनी हातातलं टाकून यायचं. आणि वाजवणाऱ्याला 'एवढ्यासाठी वाजवलीस होय?' असं म्हणायचं नाही.

पहिल्या वर्षी ती इतकी वाजली, की एक दिवस खालचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी वर आला. "काय पावणं, देऊळ बांधलंय काय वर?" असं विचारून, कुणाचंही उत्तर न ऐकता, संयोगिताच्या पुढ्यातला वडा उचलून गेला. संयोगिता खास कोल्हापूरची, 'मी येतो, मी जातो' असं बोलणारी. ती त्याच्या मागं जिन्यापर्यंत भांडत गेली. असे ते दिवस होते. चौघंही एकाच्याच खुर्चीभोवती गोळा व्हायचे, एक जण टाईप करायचा आणि तिघं त्याचं चुकतंय म्हणून ओरडायचे. प्रसेनजीतला तेव्हा सगळे पश्या म्हणायचे.

पुढं आणखी काही पोरं-पोरी कामाला आल्या. मग उदयसिंह पुण्याला गेला आणि कंपनीचे मालक विजयसिंह यांनी प्रसेनजीतला प्रमुख केलं. शुक्रवारी तो पश्या होता, सोमवारी सर झाला. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण संग्रामच्या तोंडून एकदा 'सर' निघालं आणि मग ते परत आत गेलं नाही. केबिन नको म्हणून त्यानं परोपरीनं सांगितलं. विजयसिंह म्हणाले, "अरं, संस्थेचं चेअरमन आलं तर त्यास्नी काय जिन्यात बसवायचं?" काचेची भिंत उभी राहिली. काचेतून सगळे दिसायचे, ऐकू मात्र कुणी यायचं नाही.

प्रसेनजीत मनानं चांगला आणि कामाला वाघ. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं ते काही वाईट हेतूनं झालं नाही. नवा प्रमुख झालेला माणूस करतो ते सगळं त्यानं केलं. पुस्तकं आणली, पुण्याला जाऊन प्रशिक्षण घेतलं, भिंतीवर छापील वाक्यं लावली. 'काम जिथं घडतं तिथं जाऊन बघा' हे त्यातलं एक, चांगलं मोठ्या अक्षरात. जे मोजत नाही ते सुधारत नाही, असं त्याला तिथं शिकवलं होतं. मग त्यानं मोजायला सुरुवात केली. कार्ड किती दिवस पडून राहतं, चुका किती निघतात, आणि घंटा महिन्यातून किती वेळा वाजते. घंटा वाजली म्हणजे सगळ्यांचं काम थांबलं. थांबणं म्हणजे वाया गेलेला वेळ. वाया जाणारं काढून टाकायचं, हाच तर धडा होता. त्यानं घंटेशेजारी एक तक्ता लावला, कुठल्या महिन्यात ती किती वेळा वाजली त्याचा.

तक्त्यावरची रेघ खाली येऊ लागली आणि त्याला आनंद झाला. टीम तयार होतेय असं त्याला वाटलं. आणि एका महिन्यात घंटा एकदाही वाजली नाही. प्रसेनजीतनं तक्त्यावर मोठं शून्य काढलं, महाद्वार रोडवरून पेढे आणले आणि स्वतःच्या हातानं एकेकाला दिले. "एकदाही नाही वाजली! असंच चालू ठेवायचं," तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विजयसिंहांनी दोन पेढे खाल्ले आणि तक्त्याचा फोटो काढून घेतला.

आता तुम्हीच सांगा, तोंडात पेढा असताना घंटेला हात कोण लावणार?

पुढच्या महिन्यातही शून्य. त्याच्या पुढच्या महिन्यातही. दर पंधरवड्याला काय चुकतंय ते मोकळेपणानं सांगायची एक बैठक असायची, तिथं चिठ्ठ्या टाकायच्या. पूर्वी त्या चिठ्ठ्यांवरून रणं माजायची. आता सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच, 'सगळं छान.' अक्षर फक्त वेगवेगळं.

खरं काय ते त्याला कळलं एका दुपारी. संयोगिता भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर काहीतरी दाखवत होती. तेवढ्यात तिच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅपचा निरोप आला आणि पडद्याच्या कोपऱ्यात, वीतभर अक्षरात, सगळ्यांना दिसला. ग्रुपचं नाव 'गार चहा'. संग्रामनं लिहिलं होतं, "अडलोय. कोन हाय?" आणि त्याखाली लगेच, "आलो." "आली." "थांब, आलो." संग्राम त्याच खोलीत, त्या टोकाला बसलेला. संयोगितानं झटकन तो कोपरा बंद केला आणि पुढं बोलायला लागली. प्रसेनजीतनं मान हलवली, दोन प्रश्न विचारले आणि केबिनमध्ये जाऊन बसला.

म्हणजे घंटा बंद पडली नव्हती. ती वाजतच होती, फक्त त्याला ऐकू येणार नाही अशा जागी नेली होती. त्याला वाईट वाटलं, आणि ते इतकं वाटलं, की त्या दिवशी डबा तसाच घरी गेला. बरं, मला पण घ्या म्हणून सांगणार तरी कुणाला? साहेब आत आले की तो ग्रुप मरतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरा निघतो, एवढी अक्कल त्याला होती. तक्ता काढून टाकावा असं मनात आलं. पण त्याचा फोटो विजयसिंहांच्या मोबाईलमध्ये होता आणि ते तो येईल त्या चेअरमनला दाखवत होते. तक्ता राहिला. शून्यं वाढत गेली.

तो राहायचा कळंब्याला, आई मीनाबाईबरोबर. संध्याकाळी तळ्याच्या कडेनं एक फेरी मारायची, घरी यायचं, आईनं भगवंतांच्या फोटोपुढं लावलेल्या मेणबत्तीसमोर बसून वंदना म्हणायची, जेवायचं. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडं खीर असायची, आणि चार वर्षं ही सगळी टोळी खिरीला यायची. संग्राम तर वाटी न घेता पातेल्याशीच बसायचा. यंदा प्रसेनजीतनं कुणाला बोलावलं नाही. साहेबानं बोलावलं की ते बोलावणं राहत नाही, हुकूम होतो, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. आईला मात्र हे काही माहीत नव्हतं. तिनं नेहमीसारखी मोठं पातेलं भरून खीर केली, आणि सांज होईपर्यंत कुणी आलं नाही तेव्हा बिल्डिंगमधल्या घराघरांतून वाटली.

"भांडलास काय रं त्यांच्यासंगं?" तिनं विचारलं.

"न्हाई गं."

"मग यायचं का थांबली पोरं?"

"काम लई हाय."

"भांडला असतास तर बरं झालं असतं," आई म्हणाली. "मिटवता तरी आलं असतं."

अशात शाहूवाडीकडच्या संस्थांचं काम आलं. तिकडच्या गावांत नवं सॉफ्टवेअर एकदम चालू करायचं होतं, आणि तारीख ठरली सोमवारची. सगळं तयार होतं, एक भानगड सोडून. काही संस्थांमधलं सांजचं दूध अधूनमधून सकाळच्या नावावर पडत होतं. माणसानं सांजचं दूध घालून घरी जावं आणि कॉम्प्युटरनं म्हणावं, आज सांजचं तू घातलंच नाहीस. असल्या गोष्टीवरून गावात मारामाऱ्या होतात. उभ्या मीटिंगमध्ये हे कार्ड कोण घेणार असा प्रश्न आला, तेव्हा प्रसेनजीत म्हणाला, "माझ्याकडं राहू दे."

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. प्रमुखानं कार्ड घ्यायची पद्धत नव्हती. पण त्याला घ्यायचंच होतं. केबिनमध्ये बसून रेघा बघण्यापेक्षा हातानं काहीतरी करावं, परत त्यांच्यातला एक व्हावं, असं त्याला फार वाटत होतं. हे त्यानं सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं. पण त्यानं सांगितलं नाही, नुसतं कार्ड उचललं आणि 'चालू'मध्ये लावलं.

आणि तो अडला. संस्थांकडून आलेल्या नोंदी त्यानं वरून खाली वाचल्या, खालून वर वाचल्या. प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. चूक कुठंच नव्हती आणि सांजचं दूध तरीही सकाळी पडत होतं. कार्ड जागचं हलेना. एक कार्ड इतके दिवस एका जागी दिसलं की उभ्या मीटिंगमध्ये त्याच्यावर बोट ठेवायचं, हा त्याचाच नियम होता. आता त्याच्यावर बोट कोण ठेवणार?

मग त्यानं जे केलं ते फक्त असल्या धंद्यातला माणूसच करू शकतो. त्यानं स्वतःच्या कार्डाचे तुकडे केले. एकाचे आठ. 'नोंदी गोळा करणे.' 'नोंदी बघणे.' 'राहिलेल्या नोंदी बघणे.' 'नोंदी पुन्हा बघणे.' रोज सकाळी त्यातलं एक उचलून 'झालं'मध्ये लावायचं, म्हणजे बोर्ड हलताना दिसतो. "काल नोंदी बघितल्या, आज राहिलेल्या बघतोय, अडलेलं काही नाही," असं तो रोज सांगायचा. संयोगिता खाली चपलेकडं बघायची. संग्राम छताकडं. शिवानी म्हणून एक नवी इंजिनिअर पेढ्यांनंतर रुजू झाली होती, ती बिचारी वहीत लिहून घ्यायची.

"हुतंय नव्हं?" विजयसिंह फोनवर विचारायचे.

"हुतंय की," प्रसेनजीत म्हणायचा.

शुक्रवार उजाडला. दुपारपर्यंत त्यानं आणखी एकदा सगळं तपासलं. जेवणानंतर एका संस्थेच्या नोंदी परत लावून पाहिल्या, आणि सांजचं दूध निवांतपणे सकाळच्या रकान्यात जाऊन बसलं. समोर चहा होता. तो गार झाला होता. प्रसेनजीतनं तो बाजूला सरकवला. सोमवारी गावागावांतून फोन येणार. ते तर येतीलच. पण त्याहून जास्त त्याला टोचत होतं ते हे, की पाच पावलांवर बसलेल्या माणसांना आपण सांगू शकत नाही.

तो उठला, केबिनचं दार उघडलं, बोर्डापाशी गेला आणि घंटा वाजवली.

खोली लहान, घंटा म्हशीची. आवाज चांगला दणकून झाला. पण सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. कुणीच वर बघितलं नाही. त्याचा हात तसाच राहिला. क्षणभर त्याला वाटलं, बरं झालं, परत जाऊन बसावं.

तेवढ्यात शिवानीनं खुर्ची वळवली. तिचा एकच कान झाकलेला होता. "सर, हात लागला का चुकून?" ती हसून म्हणाली. "मला वाटलं बायडाबाई आल्या. ही शोभेची आहे ना? दूधवाल्यांना दाखवायला?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. 'हो, लागला हात' म्हटलं की मिटलं. तक्त्यावरचं शून्य शून्यच राहिलं असतं.

"न्हाई," प्रसेनजीत म्हणाला. "शोभेची न्हाई. कुणी अडलं की वाजवायची असती."

"मग कोण अडलंय?"

"मी."

शिवानी शेजारच्या संग्रामच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "सर अडलेत." संग्रामनं हेडफोन काढले, घंटेकडं पाहिलं, ती अजून हलत होती. मग प्रसेनजीतकडं पाहिलं.

"कशात अडलायस?" तो म्हणाला. 'सर' म्हणायचं राहून गेलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रसेनजीतच्या आलं.

"सांजच्या दुधात."

संग्राम हळूच म्हणाला, "ते मशीनचं घड्याळ हाय."

"काय?"

"लाईट गेली की मशीनचं घड्याळ इसरतंय. परत आली की पहाट धरून चालाय लागतंय. गावाकडं रोज सांजचं लाईट जाती. सेक्रेटरीनं घड्याळ लावलं तर बरं, न्हाई लावलं तर पुढचं सगळं दूध सकाळचं. प्रोग्रामात काय न्हाई. मी घरी गेलतो तवा संस्थेत हुभं राहून बघितलं."

प्रसेनजीतनं मागं भिंतीकडं पाहिलं. 'काम जिथं घडतं तिथं जाऊन बघा.' अक्षरं मोठी होती, नाही असं नाही. "कधी गेलतास?"

"गेल्या आठवड्याच्या आधी."

"आणि सांगितलं न्हाईस?"

उत्तर संयोगितानं दिलं. ती कधी येऊन मागं उभी राहिली होती ते त्याला कळलं नव्हतं. "घंटा कुठं वाजली?" ती म्हणाली. "तुम्ही रोज सकाळी सांगत होता, अडलेलं काही न्हाई. एका कार्डाची आठ कार्डं केली तुम्ही, आम्हाला काय दिसत न्हाई व्हय? साहेबाला कसं म्हणायचं, खोटं बोलताय म्हणून? खरं सांगू, आम्ही वाट बघत होतो. तुम्ही वाजवताय का, ते बघत होतो. रविवारपर्यंत वाजवली नसती तर हा सांगणारच होता."

तिच्या आवाजात राग होता, आणि तो आजचा नव्हता. इतके दिवस काचेच्या आत आपण एकटे बसलोय असं तो समजत होता, आणि बाहेरून सगळी माणसं त्याला बघत होती. त्याला लाज वाटली. त्याहून जास्त, एकटं वाटलं.

"पेढे आणायला नको होते मी," तो म्हणाला.

"पेढे चांगले होते," संयोगिता म्हणाली. "खुर्ची सरकवा."

सगळे एका कॉम्प्युटरभोवती बसले. संग्राम टाईप करत होता आणि बाकीचे त्याचं चुकतंय म्हणून सांगत होते. संस्थेतल्या घड्याळावर भरवसा ठेवायचाच नाही, आदल्या नोंदीवरून सकाळ की सांज ते ठरवायचं, आणि शंका आली तर सेक्रेटरीला पडद्यावर विचारायचं, एवढंच होतं काम. शिवानीनं त्यात एक चूक काढली, ती बरोबर निघाली. खालून खारीचा वास आला तेव्हा सांजचं दूध सांजच्या रकान्यात पडलं होतं.

"चला, चहा," संग्राम उठत म्हणाला. सगळी जिन्याकडं गेली. जाताना संयोगितानं मागं वळून पाहिलं, पण प्रसेनजीत तेव्हा विजयसिंहांशी फोनवर बोलत होता, आणि फोन संपला तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं. हसण्याचा आवाज खालच्या टपरीवरून येत होता. तो खाली जाऊ शकला असता. नाही गेला. त्यानं भिंतीवरचा तक्ता काढला, घडी घातली आणि केराच्या टोपलीत टाकला. चार खिळे राहिले ते दोन बोटांनी उपसून काढले.

सोमवार नीट पार पडला. विजयसिंह खूश झाले आणि तक्ता कुठं गेला म्हणून विचारू लागले. प्रसेनजीतनं सांगितलं, तो तक्ता चुकीचा होता. ते म्हणाले, "अरं, मी सगळ्या चेअरमनास्नी दाखवला तो!" तो म्हणाला, "व्हय साहेब. चुकीचाच दाखवला." त्यावर विजयसिंह दुसऱ्या विषयावर गेले.

एवढ्यानं सगळं पूर्वीसारखं झालं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. 'गार चहा' चालूच राहिला. सगळे एकदम मोबाईलकडं बघून हसले की त्याला कळायचं. त्याला कुणी त्यात घेतलं नाही, आणि घेणार नाहीत हे त्यानं समजून घेतलं. एकदा गेलेला पश्या काही पुरता परत येत नाही. संग्रामच्या तोंडी दुसऱ्या दिवशी 'सर' आलं होतं. प्रसेनजीत स्वतः मात्र अडला की घंटा वाजवायचा, अगदी बारीकसारीक गोष्टीलाही. ते यायचे, सोडवून द्यायचे, जायचे. दुसरं कुणी वाजवत नव्हतं. सकाळी बायडाबाईचं कोपर लागायचं आणि तो अजूनही अर्धा उठायचा.

मग एक दिवस तो केबिनमध्ये विजयसिंहांशी फोनवर बोलत असताना घंटा वाजली. बायडाबाई केव्हाच घरी गेली होती. "साहेब, नंतर करतो," म्हणून त्यानं त्यांच्या बोलण्याच्या मध्येच फोन ठेवला, आणि असं त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं. तो बाहेर आला. सगळे संयोगिताच्या टेबलाभोवती गोळा झाले होते, त्याच्याकडं पाठ करून. जागा नव्हती. तो सगळ्यांच्या मागं उभा राहिला. पडद्यावर काय चाललंय तेही त्याला धड दिसत नव्हतं. थोड्या वेळानं "हां, सुटलं!" असा गलका झाला, मंडळी पांगली, आणि संयोगितानं मागं वळून बघितलं तर हा उभा.

"झालं की सर," ती म्हणाली. "तुम्ही नसता आला तरी चाललं असतं."

"वाजली म्हणून आलो," प्रसेनजीत म्हणाला.

तिनं टेबलावरचा आपला चहाचा कप उचलला, बोट लावून पाहिलं, गार झाला होता. तो बाजूला ठेवून ती परत कामाला लागली. प्रसेनजीत केबिनमध्ये गेला आणि जाताना त्यानं दार लावून घेतलं नाही.